सगळ्या उबंटू सर्व्हरवर ॲप्टची सेटिंग एकसारखी कशी ठेवायची?

तुमच्याकडे 22.04 आणि 24.04 असे दोन्ही सर्व्हर आहेत, आणि ॲप्टची (उबंटूवर पॅकेजेस बसवणारं साधन) रेपॉझिटरी (पॅकेजेस जिथून येतात ते साठे) व ऑटो-अपडेटची सेटिंग शेल स्क्रिप्टने लावावी की ॲन्सिबलने (अनेक सर्व्हरवर एकसारखी सेटिंग लावणारं साधन), असा प्रश्न आहे. ॲन्सिबल घ्या. पण काहीही वापरलंत तरी एक पथ्य पाळा: उबंटूने दिलेल्या फाइलला शक्यतो हात लावायचा नाही, आपली सेटिंग शेजारी वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची.

रेपॉझिटरींची यादी असलेल्या सोर्सेस.लिस्ट फाइलमध्ये 'सेड' (मजकूर शोधून बदलणारी कमांड) वापरून मिररचा (रेपॉझिटरीची प्रत ठेवणारा सर्व्हर) पत्ता बदलणारी स्क्रिप्ट 22.04 वर छान चालते. 24.04 वर त्या फाइलमध्ये नुसत्या कमेंट उरल्यात; खरी यादी सोर्सेस.लिस्ट.डी फोल्डरमधल्या उबंटू.सोर्सेसमध्ये गेली आहे, तीही डेब822 फॉरमॅटमध्ये (एका ओळीऐवजी 'नाव: किंमत' अशा अनेक ओळी). म्हणजे स्क्रिप्ट एकही एरर न देता संपते, एक्झिट कोड शून्य, आणि बदललेलं काहीच नसतं! मिरर बदलायचाच असेल तर ओळी शोधत बसू नका, पूर्ण फाइल टेम्प्लेटमधून लिहा.

बाहेरच्या रेपॉझिटरींसाठी ॲन्सिबल-कोर 2.15 पासून डेब822_रेपॉझिटरी हे मॉड्यूल आहे आणि ते 22.04 वरही चालतं. त्यात 'साइन्ड_बाय'मध्ये रेपॉझिटरीची सही तपासणारी की द्या, म्हणजे ती की तेवढ्याच रेपॉझिटरीपुरती राहते. जुन्या 'ॲप्ट-की ॲड'ने टाकलेल्या कीवर ॲप्ट सगळ्याच रेपॉझिटरींसाठी विश्वास ठेवायचं, हे मला कधीच पटलं नव्हतं. या मॉड्यूलला सर्व्हरवर पायथन3-डेबियन पॅकेज लागतं, आणि ते मॉड्यूल ॲप्टचा कॅशे (सर्व्हरवरची पॅकेजेसची यादी) स्वतः अपडेट करत नाही. त्यासाठी हँडलर (बदल झाला तरच चालणारं ॲन्सिबलचं काम) लावा.

ऑटो-अपडेटमध्ये मात्र एक गंमत आहे. ॲप्ट.कॉन्फ.डी मधल्या फाइल नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून लोक 50 नंबरच्या मूळ फाइलनंतर 52 ची आपली फाइल ठेवतात आणि 'अलाउड-ओरिजिन्स' (आपोआप अपडेट कुठून घ्यायचे त्याची यादी) नव्याने लिहितात. साध्या सेटिंगमध्ये शेवटची किंमत टिकते, पण याद्यांमध्ये भर पडते! तुमची यादी जुनीच्या पुढे जोडली जाते. आधी '#क्लिअर' लिहून जुनी यादी पुसा, मग आपली लिहा. शेवटी सर्व्हरवर 'ॲप्ट-कॉन्फिग डंप' चालवलं की ॲप्टने प्रत्यक्षात काय वाचलं ते दिसतं.

नवा सर्व्हर बूट झाल्या झाल्या प्लेबुक (ॲन्सिबलची कामांची फाइल) ॲप्टच्या लॉकवर अडकत असेल, तर बहुधा मागे ॲप्ट-डेलीचा (आपोआप रोज अपडेट तपासणाऱ्या कामाचा) टायमर चालू असतो. ॲप्ट मॉड्यूलचा 'लॉक_टाइमआउट' मुळात 60 सेकंदांचा असतो, तो 300 करा.