सामी भाषांतले हिमाचे शब्द आले कुठून?

प्रश्न असा: युरोपच्या अगदी उत्तरेकडच्या सामी लोकांच्या भाषांत बर्फाला शेकडो शब्द आहेत म्हणतात, ते सगळे एकाच मुळातून निघाले का?

नाही. आधी मराठीतली एक अडचण. फारसीत 'बर्फ' म्हणजे आभाळातून पडणारा, आणि पाणी गोठून होतो तो 'यख'. आपण 'बर्फ' घेतला आणि दोन्हींना लावला. त्यामुळे या लेखात पडणाऱ्याला हिम आणि गोठलेल्याला बर्फ म्हणतो. शिवाय सामी ही एक भाषा नव्हे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचं कोला द्वीपकल्प या पट्ट्यात तिच्या नऊएक भाषा आहेत. खालचे शब्द उत्तर सामीचे.

बर्फाचा शब्द 'येक्ङा' खूप जुना, उरालिक कुळातला (सामी, फिनिश, हंगेरियन या भाषांचं कुळ). हंगेरियन 'येग' त्याचंच भावंड. नुकतं पडलेलं भुसभुशीत हिम म्हणजे 'वह्त्सा', त्याचं नातं फिनिश 'विती'शी लावतात. (यातला 'त्स' म्हणजे आपल्या 'चमचा'तला च.) पण हिमाचा रोजचा शब्द 'मुओह्ता' या घरचा दिसत नाही. फिनिश 'लुमी', याच कुळातल्या रशियातल्या मारी भाषेत 'लुम', एर्झ्या भाषेत 'लोव' ही रांग सरळ लागते, 'मुओह्ता' तीत बसत नाही. सामी भाषा उत्तरेकडे पसरल्या तेव्हा तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांच्या, आता लुप्त झालेल्या भाषांतून निसर्गाचे बरेच शब्द त्यांत आले, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'मुओह्ता'बद्दल मला हीच शक्यता सर्वांत पटते.

तिसरा झरा नॉर्स, म्हणजे जुनी स्कँडिनेव्हियन भाषा. वाऱ्याने रचलेला उंच, कडक हिमाचा ढीग म्हणजे 'स्काल्वी'. नॉर्वेजियनमध्ये तोच 'स्काव्ल'.

खरी श्रीमंती रेनडिअर पाळणाऱ्यांच्या शब्दांत आहे. 'सेअङाश' म्हणजे थराच्या तळाचं साखरेसारखं दाणेदार हिम. ते खुराने सहज उकरता येतं, म्हणून खालचं शेवाळासारखं दगडफूल जनावराला मिळतं. 'चुओह्की' (इथला च 'चिंच'मधला) याच्या उलट: हिवाळ्यात मध्येच ऊब आली किंवा पाऊस पडला आणि पुन्हा गोठलं, की कुरणावर बर्फाचं कवच चढतं. जनावर ते फोडू शकत नाही आणि कळप उपाशी राहतो. 'चिएगर' तर हिमाचा प्रकारच नाही. कळपाने उकरून, तुडवून ठेवलेली जागा म्हणजे चिएगर.

आकड्यांचं म्हणाल, तर सामी भाषाभ्यासक ओले हेन्रिक मागा यांनी 2006 साली हिम आणि बर्फाची सुमारे 175 ते 180 मूळ रूपं सांगितली. साधित शब्द धरले तर संख्या हजाराकडे जाते, कारण प्रत्यय लावून नवे शब्द घडवणं सामीत सोपं आहे: 'मुओह्ता'वरूनच 'मुओह्तीत', म्हणजे हिम पडणं. म्हणून कुणी आकडा सांगितला की तो मूळ रूपांचा की साधितांसह, आणि एका भाषेचा की नऊ भाषा एकत्र कालवून काढलेला, हे आधी विचारावं.