एकच लेबल, मग हेम्पच्या दोन तेलांचा वास वेगळा का?

तुम्ही विचारलंय की युरोपातून आणलेल्या हेम्पच्या (म्हणजे गांजाच्याच झाडाची धाग्यासाठी, बियांसाठी लावतात ती वाणं) सुगंधी तेलाच्या दोन बाटल्यांपैकी एकीला कैरी-लिंबासारखा तरतरीत वास आहे, दुसरीला मिरीसारखा जड. मग एक बनावट आहे का?

तसंच असेल असं नाही, दोन्ही अस्सल असू शकतात. मी गवती चहाचं तेल काढतो. तिथेही कापणीचा दिवस चुकला की तेल बिघडतं, पण हेम्प त्याहून लहरी.

आधी एक खात्री करा. तेल बोटाला खोबरेलासारखं चिकट लागलं, तर ते बियांचं घाण्याचं तेल. सुगंधी तेल फुलांच्या तुऱ्यांतून वाफेवर काढतात. ते मादी फुलाभोवतीच्या बारीक चिकट ग्रंथींत असतं, त्यामुळे फुलोऱ्याआधी कापलेल्या पाल्यात फारसं काही मिळत नाही. बी भरायला लागलं की झाडाचं बळ बियांकडे जातं आणि उतारा घटतो. स्वित्झर्लंडमधल्या मायर आणि मेडियाविया या संशोधकांनी १९९८ साली आकडे दिले होते: एक टन ताज्या पिकातून साधारण १.३ लिटर तेल. (माझा गवती चहा टनाला चार-पाच लिटर सहज देतो!) परागण होऊ दिलं नाही, तर हेक्टरी उतारा ८ लिटरवरून १८ लिटरपर्यंत जातो.

वाणाचा प्रश्न इथेच येतो. फ्रान्सचं फ्युचुरा ७५ हे धाग्याचं वाण. त्यात नर-मादी फुलं एकाच झाडावर, म्हणजे परागण टाळणार कसं? फिनलंडच्या बुटक्या, लवकर फुलणाऱ्या फिनोलात नर झाडं वेगळी असतात, ती उपटता येतात. वासाचा साचाही वाणागणिक बदलतो. वास देणाऱ्या घटकांपैकी कुठे मिर्सीन जास्त (आंब्यातही तेच असतं), कुठे टर्पिनोलिन, कुठे कॅरिओफिलीन, जे मिरी-लवंगेत असतं.

पण तुमच्या बाटल्यांबाबत मला जास्त संशय वाळवण्याचा आहे. कैरी-लिंबाकडे झुकणारे घटक हलके, भरकन उडून जाणारे. मिसिसिपी विद्यापीठात रॉस आणि एल्सोहली यांनी गांजाचे तुरे वाळवून ठेवून पाहिले होते (१९९६): ताज्या तुऱ्यांत ०.२९ टक्के तेल, तीन महिन्यांनी ०.१३. उडालं ते मुख्यतः हलकं. जड कॅरिओफिलीन मागे राहिलं. म्हणून विक्रेत्याला वाणाच्या आधी विचारा, तुरे ताजे गाळले की सुकवून?

आणि हे इथे करून बघायचा विचार असेल, तर थांबा. उत्तराखंडनं २०१८ साली औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाना दिला खरा, पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजेच गांजा. बी आणि पानं शेंड्यांशिवाय असतील तर त्या व्याख्येबाहेर. आपल्याला तेल हवं असतं ते नेमकं शेंड्यांतलं.