‘पंपाची सवय तर लागणार नाही ना?’

दम्याचं निदान झालेला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. पस्तिशीच्या एका ताईंनीही विचारला. डॉक्टरांनी त्यांना दोन पंप दिले होते: निळा धाप लागल्यावर घ्यायचा, दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ. “रोजचा मी बंदच केला. स्टिरॉइड आहे ना त्यात! निळा लागतो अधूनमधून.” अधूनमधून म्हणजे किती, हे खोदून विचारलं तेव्हा कळलं, दिवसातून तीन-चारदा.

निळा पंप श्वासनळ्यांचे आवळलेले स्नायू सैल करतो. काही मिनिटांत बरं वाटतं, चार-सहा तास निभतात. श्वासनळ्यांना आतून आलेली सूज मात्र तशीच राहते. ती उतरवतो रोजचा पंप, पण त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात. मला वाटतं, स्टिरॉइडच्या भीतीइतकाच हा उशीरही लोकांना पंप सोडायला लावतो. गंमत म्हणजे, मागच्या झटक्यात दिवसाला 40 मिलिग्रॅम स्टिरॉइडच्या गोळ्या ताईंनी निमूट घेतल्या होत्या. रोजच्या पंपाच्या एका फवाऱ्यात होतं 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.2 मिलिग्रॅम. औषधं वेगळी, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना होत नाही. पण पंपाचं औषध मुख्यतः फुफ्फुसात काम करतं, गोळी अंगभर फिरते.

मग म्हटलं, “घेऊन दाखवा बरं.” त्यांनी पंप दाबला आणि श्वास नंतर ओढला. औषध घशातच अडकलं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून दिला. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबा, सावकाश आत घ्या, दहा आकडे रोखा. शेवटी चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी येते. (पावडरचा पंप असता तर उलट जोरात ओढायला सांगितलं असतं. हा फरक सांगायचा बऱ्याचदा राहून जातो.) नीट जमेपर्यंत त्यांच्याकडून करून घेतलं.

डॉक्टरांशी बोलून एका कागदावर लिहून दिलं: आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा निळा लागला किंवा रात्री दम्याने जाग आली, तर दवाखान्यात या. वाक्य पूर्ण बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा निळ्याने उतार पडेना, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. वाटेत निळा स्पेसरमधून घेत राहा.

पुढच्या भेटीत रात्रीचा खोकला थांबला होता. “आता बंद करू?” ताईंनी विचारलंच! स्वतःहून नाही. साधारण तीन महिने दमा आटोक्यात राहिला, तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवू शकतात.