जाई कुठली आणि जुई कुठली?

चि. सईस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विचारलंस, "बाबा, आजी सारखं जाईजुई म्हणते. ते एक फूल की दोन?" मी कामावर होतो, घाईत 'दोन' एवढंच म्हणालो. आज मस्कतला सुट्टी आहे, म्हणून नीट लिहितो.

दोघी मोगऱ्याच्याच कुळातल्या. पण फूल नसतानाही त्या ओळखता येतात, पानावरून. आपल्या वेंगुर्ल्याच्या घरी विहिरीकडच्या दगडी गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, चढलेली वेल बघ. एकाच देठावर समोरासमोर पानांच्या जोड्या आणि टोकाला एक, अशी सात-नऊ पानं असतील तर ती जाई. पडवीच्या खांबावरची जुई. तिचं पान खुडून तळहातावर ठेव: मधलं एकच मोठं, आणि देठाशी दोन बाजूंना चिमुकली दोन, अगदी कानांसारखी. काही पानांना तीही नसतात. तिच्या शास्त्रीय नावात, जस्मिनम ऑरिक्युलेटममध्ये, हेच इवले कान आहेत. जाईचं नाव जस्मिनम ग्रँडिफ्लोरम, मोठ्या फुलांची.

जाईचं फूल मोठं असतंच. कळी बाहेरून गुलाबी, उमलली की पांढरीशुभ्र. जुई बारीक, पण घोसच्या घोस येतात. संस्कृतात ती यूथिका, आणि यूथ म्हणजे समुदाय. तिच्या पाकळ्या मोजून बघ, कधी पाच, कधी सात-आठ भरतील. वास मला जुईचा जास्त आवडतो. पावसात पडवीत बसलं की तो न बोलावता यायचा.

आजी तिन्हीसांजेच्या आधी, उमलायच्या आत कळ्या काढते आणि केळीच्या खोडाच्या ओल्या सोपात, म्हणजे धाग्यात, गजऱ्यासारखा वळेसर गुंफते ना, तेव्हा शेजारी बस. जाईचा हां हां म्हणता होतो. जुईच्या कळ्या संपता संपत नाहीत, तरी बोटं थांबत नाहीत तिची.

गणपतीच्या 21 पत्रींत पान जाईचं लागतं, जुईचं आणू नकोस. तोंड आलं की आजी चावायला देते तो पालाही जाईचाच. कडू-तुरट लागतो. मी लहानपणी तो गालात धरून रडत बसायचो, आणि आजी पाठीवर हात फिरवायची.

चतुर्थीला मी येतोय. तोवर दोन्हींचं एकेक पान वहीत दाबून ठेव. खाली नावं मात्र आजीला न विचारता लिही.

तुझा,
बाबा