चौथीच्या मुलांना जुन्या घराच्या म्युझियममध्ये नेलं तर वस्तूंना हात लावू द्यावा का? भेटीला किती वेळ ठेवावा?

हात लावू द्यायचा नसेल तर चौथीच्या मुलांना नेऊच नका, हे माझं स्पष्ट मत.

मी डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिकला शिकवते आणि याच गोष्टीवरून आमच्या एका सिनियर सरांशी माझं जोरदार वाजलंय. त्यांचं एकच, पोरं मोडतोड करतील, रांगेत न्या रांगेत आणा. त्यांच्या पद्धतीने एकदा नेली होती, दक्षिण गोव्यातलं एक जुनं घर, दोरीपलीकडे खुर्च्या नि झुंबरं, गाईड सनावळ्या सांगतोय आणि पोरं बस कधी सुटणार विचारतायत.

पुढच्या खेपेला मी आधीच जाऊन घरच्या बाईंशी बोलले. त्यांनी मागच्या पडवीत वाटायचा दगडी रगडा, नारळ खवायची आडोळी, पाणी तापवायचं तांब्याचं भाण आणि खिडकीचं एक सुटं शिंपल्यांचं तावदान काढून ठेवलं. एकाने ते तावदान उन्हाकडे धरलं, उजेड आला पण पलीकडचा मित्र दिसेना, मग सुरू, बाई काच का नाही लावली, एवढे चपटे शिंपले मिळायचे कुठे, पावसात गळत नाही का! आणि वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी, तिच्या सत्तरी तालुक्यातल्या आजीकडे रगडा अजून चालतो, ती सरळ जाऊन बसली, एका हाताने फिरवत दुसऱ्याने भिजवलेले तांदूळ आत ढकलत सगळ्यांना शिकवायला लागली. बाकीची पोरं न सांगता रांगेत उभी. काहीही मोडलं नाही.

सर म्हणाले, परीक्षेत याचे मार्क किती? अहो, नंतर घरांचा धडा आला तेव्हा चिऱ्याच्या भिंती, राजांगण म्हणजे घराच्या मधलं अंगण, बाल्कांव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, हे सगळं पोरांनीच मला सांगितलं.

हां, सगळीकडे हे चालणार नाही. चांदरच्या ब्रागांझा घरात गोव्यातले पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझांची सुमारे ५००० पुस्तकांची लायब्ररी आहे, तिथे नि चिनी मातीच्या भांड्यांना मुळीच हात नको, शिवाय घरात माणसं राहतात. घर बांधतात कसं हे दाखवायचं तर तोर्ड्याचं हाऊसेस ऑफ गोवा म्युझियम बरं, अवजारांसाठी बाणावलीचं गोवा चित्र म्युझियम. कशाला हात लावता येईल ते आधी फोन करून विचारा, दप्तरं बसमध्येच ठेवा आणि लहान गट करा. वेळेचं म्हणाल तर पोरं कंटाळली की निघायचं.

आणि तुमच्याकडेही कोणी मोडतील मोडतील करत असेल तर त्यांना विचारा, गणेशचतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला आणि आडोळीवर नारळ खवायला घरी याच पोरांना बसवता ना?