आधी फाँट बघा, मग पुस्तकांच्या देवघेवीचं ठरवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला घेतलं. केज तालुक्यातली पाच सार्वजनिक ग्रंथालयं एकमेकांच्या वाचकांना पुस्तकं द्यायला तयार आहेत. पाचही जणांकडे संगणकावर यादी आहे, पण एकत्र केल्यावर दोन याद्यांत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. वरच्या उत्तरांत कुणी सुचवतंय की सॉफ्टवेअर बदला, कुणी म्हणतंय की सरळ पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर टाका. दोन्हीची घाई करू नका.

अर्ज, ठराव, अनामत हे तुम्हाला माहीत आहेच, ते सोडतो. आमच्या ग्रंथालयाला सगळ्यात महाग पडलेली चूक तुमच्या त्या दोन याद्यांत दिसतेय. त्या जुन्या फाँटमध्ये टाइप झालेल्या आहेत, युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नाहीत. अशा फाँटमध्ये संगणकाच्या लेखी 'पुस्तक' हा शब्द नसतोच. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि फाँट फक्त त्यांना मराठी रूप देतो. फाँट नसलेल्या संगणकावर खिचडी दिसते. फाँट असला तरी शोध लागत नाही आणि अकारविल्हे लावताही येत नाही.

जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरता येतो, पण त्याला नेमका फाँट सांगावा लागतो. एकाच कंपनीच्या दोन फाँटमध्येही अक्षरांची जागा वेगळी असते, म्हणून मूळ फाइल उघडून फाँटच्या चौकटीतलं नाव जसंच्या तसं लिहून घ्या. परिवर्तनानंतर तीन गोष्टी डोळ्यांनी तपासा. पहिली ऱ्हस्व वेलांटी: जुन्या फाँटमध्ये ती अक्षराच्या आधी साठवतात, युनिकोडमध्ये नंतर. दुसरा रफार: तो तिथे अक्षरानंतर, इथे आधी. त्यामुळे 'मूर्ती', 'निर्मिती', 'कीर्तन' असल्या शब्दांत गडबड होते. तिसरं 'ऱ्या', 'ऱ्हा' मधलं र. शंभर ओळी काढून 'शेतकऱ्यांचे' आणि 'वर्धिष्णू' असले शब्द बघितले की परिवर्तन किती जमलंय ते कळतं.

आमच्याकडे हे काम ज्या कार्यालयामार्फत झालं त्यांनी मूळ फाइलऐवजी छापील गठ्ठा हातात दिला. फाँटचं नाव विचारलं तर दरवेळी पुढची तारीख. शेवटी दाखल नोंदवहीवरून (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात नोंदतात त्या वहीवरून) सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. म्हणून कळकळीनं सांगतो, कुणालाही यादीचं काम देताना 'युनिकोड, एक्सेल फाइल, मालकी ग्रंथालयाची' हे तीन शब्दप्रयोग कामाच्या आदेशात लिहून घ्या आणि फाइल मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

आता यादीचं रूप. पाचही ठिकाणी दाखल क्रमांक १ आहे, त्यामुळे नुसता क्रमांक चालणार नाही. प्रत्येक ग्रंथालयाला छोटा संकेत द्या आणि तो क्रमांकाला जोडा. एक्सेलमध्ये तो स्तंभ आधी 'टेक्स्ट' करा, नाहीतर ००४५२ चं ४५२ होतं. आयएसबीएनचाही (पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा) स्तंभ टेक्स्टच ठेवा, नाहीतर तो घातांकात जातो आणि शेवटचे अंक बघायला मिळत नाहीत. क्रमांकांसाठी एकाच प्रकारचे अंक वापरा. मराठी आणि इंग्रजी अंक मिसळले की क्रम लावताना दोन गट पडतात. यादीची सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा.

जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतो, म्हणून जुळणी शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि आवृत्तीवर करावी लागते. इथे शुद्धलेखन आडवं येतं. १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांवर 'गांव', 'नांव', 'कांहीं' अशी अनुस्वारांची रूपं छापलेली असतात आणि वाचक 'गाव' शोधतो. मुखपृष्ठामागच्या शीर्षकपानावर जसं आहे तसं एका स्तंभात लिहा आणि शेजारी आजच्या लेखनाचं शोध-शीर्षक द्या. पुढे कोहा या ग्रंथालयांसाठीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गेलात तर पहिलं २४५ क्रमांकाच्या रकान्यात जातं, दुसरं २४६ च्या. लेखकाचं आडनाव आधी लिहा. 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो, तोही एकाच पद्धतीचा करून घ्या.

आपल्याकडे मराठवाड्यात आणखी एक गोष्ट येते. निजाम राजवटीतल्या काही पुस्तकांवर आणि अहवालांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो, म्हणजे फसली १३५७ हे १९४७-४८. शके असेल तर ७८ मिळवा. मूळ आकडा टीपेत राहू द्या.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत ठाम आहे: पहिलं वर्ष गूगल शीटवरच काढा. नंतर कोहा एकदाच बसवून पाच ग्रंथालयं त्याच्या पाच शाखा म्हणून दाखवा. मग आरक्षण आणि शाखाशाखांमधली पाठवणी आपोआप मिळते, वेगळी आंतरग्रंथालयीन व्यवस्था लागत नाही. ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअरही चालतं, पण कुठलंही घ्या, मार्क या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित स्वरूपात नोंदी बाहेर काढता येतात का ते आधी करून बघा.

पुस्तकं स्कॅन करून पाठवण्याचा मुद्दा. मी वकील नाही, जाणत्याला विचारा. पण कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये गेले, त्यांच्या लेखनावर २०४२ अखेरपर्यंत हक्क आहे. त्यांचं पुस्तक पीडीएफ करून व्हॉट्सॲप गटात टाकणं चूक. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा. अनुक्रमणिकेचं पान पाठवून वाचकाला हवंय तेच पुस्तक आहे का हे विचारणं मात्र सोपं आणि उपयोगाचं. प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ आधी बघा, तिथे फुकट मिळतं. महाविद्यालयातल्या कुणाचा एन-लिस्टचा (महाविद्यालयांना ई-पुस्तकं, ई-नियतकालिकं देणाऱ्या सेवेचा) पासवर्ड वापरू नका, ती सोय त्या संस्थेच्या सदस्यांसाठीच आहे.

प्रत्यक्ष पुस्तक पाठवायचं तर तालुक्यात हातोहात, बाहेर टपालाने. नोंदणीकृत बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. त्याऐवजी मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, कर वेगळा. नियतकालिकं त्यात बसत नाहीत. पावसाळ्यात पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये, मग पुठ्ठ्यात. आलेलं पुस्तक कपाटात लावण्याआधी शिवणीत आणि पुठ्ठ्याच्या कडेला कसर (पुस्तकं खाणारी कीड) आहे का ते बघा. ज्याचं पान दुमडलं की तुटतं ते पाठवूच नका.

आणि एक: देवघेव झालेल्या पुस्तकाची दोन प्रतींत पावती ठेवा, दाखल क्रमांक, तारीख, परतीची तारीख आणि पुस्तकाची अवस्था लिहून. अनुदानाच्या तपासणीला पुस्तक कपाटात नसेल तर हीच पावती दाखवता येते.

तुमच्या त्या दोन याद्यांच्या मूळ फाइलमधल्या दहा-दहा ओळी आणि फाँटचं नाव इथे टाका. वेलांटी आणि रफार कुठे चुकतायत ते बघून सांगतो.