क्रिस्तीन आंगो: आत्मचरित्रात्मक कादंबरी, आत्मकथन की नुसती कादंबरी?

प्रश्न असा आला आहे: "क्रिस्तीन आंगो या फ्रेंच लेखिकेचा मराठीत परिचय लिहितो आहे. त्यांच्या पुस्तकांना सगळीकडे 'ऑटोफिक्शन', म्हणजे लेखक आणि नायक एकाच नावाचे असलेली कादंबरी, म्हटलेलं दिसतं. त्यासाठी 'आत्मचरित्रात्मक कादंबरी' चालेल का? त्या टीव्हीवरही गाजल्या, तर त्यांना 'सूत्रसंचालिका' म्हणावं का?"

माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. दुसऱ्याचं कारण छोटं आहे, ते नंतर सांगतो. पहिल्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

'आत्मचरित्रात्मक कादंबरी' हा शब्द आपण कधी वापरतो? लेखकाने स्वतःच्या आयुष्यातला ऐवज घेतलेला असतो, पण नायकाला नाव दुसरं दिलेलं असतं. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर कितीही ओळखीचा वाटला तरी तो भालचंद्र नेमाडे नसतो. वाचक मनात तुलना करतो, पण लेखकाने तसं कबूल केलेलं नसतं. आंगोंच्या बाबतीत हा पडदाच नाही. 1999 साली आलेल्या 'लँसेस्त' या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची लेखिका क्रिस्तीन आंगो आणि आत 'मी' म्हणून बोलणारी बाईही क्रिस्तीन आंगोच. तरीही ते पुस्तक कादंबरी म्हणून लिहिलेलं आणि कादंबरी म्हणूनच वाचायला दिलेलं आहे.

ही जागा फ्रेंच समीक्षेने आधीच शोधून ठेवली होती. फिलिप लझन यांनी 1975 मध्ये आत्मचरित्राची व्याख्या करताना नावाला केंद्रस्थानी ठेवलं. लेखक, निवेदक आणि नायक या तिघांचं नाव एकच असेल तर लेखकाने वाचकाशी खरं सांगण्याचा करार केला आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सगळ्या शक्यतांचा एक तक्ता मांडला आणि त्यात एक घर रिकामं राहिलं: नाव तेच, पण करार कादंबरीचा. लेखक सेर्ज दुब्रोव्स्की त्या वेळी असंच काहीतरी लिहीत होते. 1977 मध्ये त्यांचं 'फीस' हे पुस्तक प्रसिद्ध झालं, तेव्हा मलपृष्ठावर त्यांनी 'ऑटोफिक्शन' हा नवा शब्द छापला आणि अर्थही सांगितला: पूर्णपणे खऱ्या घटनांची कादंबरी. त्याच मजकुरात त्यांनी म्हटलं की आत्मचरित्र हा जगातल्या बड्या लोकांचा, आयुष्याच्या संध्याकाळी, देखण्या शैलीत बजावायचा हक्क आहे.

हे वाक्य मराठी वाचकाला परकं वाटू नये. पुढच्याच वर्षी, 1978 मध्ये, दया पवारांचं 'बलुतं' आलं. त्या आणि त्यानंतरच्या दलित लेखनासाठी आपल्याकडे 'आत्मकथन' हा शब्द रुजला, त्यामागेही 'आत्मचरित्र' या शब्दाला चिकटलेल्या थोरपणाबद्दलची हीच तक्रार होती. ज्याचं आयुष्य कृतार्थ होऊन संपत आलेलं नाही, त्याने कुठल्या नावाखाली बोलायचं? एवढंच नाही, 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग करून त्यांना समोरासमोर बसवण्याची ही युक्ती मला आजही विलक्षण धाडसाची वाटते. पॅरिसमध्ये काय चाललं होतं याच्याशी तिचा काही संबंध नव्हता, ती इथल्या गरजेतून आली.

मग आंगोंच्या पुस्तकांना 'आत्मकथन' म्हणावं का? मोह होतो, पण तिथे एक अडचण आहे आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची. आत्मकथनाची ताकद साक्षीत असते. हे असं घडलं, आमच्यावर घडलं, आणि मी ते सांगायला उभा आहे, ही त्यातली भूमिका. आंगोंना नेमकी हीच भूमिका नको आहे. त्यांचा जन्म 1959 साली शातोरू इथे झाला, आईने त्यांना एकटीने वाढवलं. वडील स्ट्रासबर्गला युरोपीय संस्थेत अनुवादक होते. त्यांनी मुलीला कायदेशीररीत्या आपलं नाव दिलं ते ती किशोरवयात आल्यावर, आणि त्याच सुमाराला तिच्यावर लैंगिक अत्याचारही सुरू केले. आंगो हा विषय पुन्हा पुन्हा लिहीत आल्या आहेत: 'लँसेस्त'मध्ये, 2012 च्या एका लहानशा आणि वाचताना गुदमरवणाऱ्या पुस्तकात, 2015 मध्ये आईच्या बाजूने आणि 2021 मध्ये 'ल व्हॉयाज दां लेस्त'मध्ये. शेवटच्या पुस्तकाला मेदिसी हा फ्रेंच साहित्य पुरस्कार मिळाला. प्रसंग तेच, पण दर वेळी वाक्यरचना वेगळी, अंतर वेगळं, कोण बघतं आहे ते वेगळं. साक्ष एकदाच द्यायची असती तर इतक्या वेळा लिहायची गरज पडली नसती. म्हणून त्या 'ऑटोफिक्शन' हे लेबलही नाकारतात आणि आपण कादंबऱ्या लिहितो असं ठामपणे सांगतात.

या ठामपणाची किंमत मात्र दुसऱ्यांनाही मोजावी लागली, आणि परिचयलेखात ते झाकू नये. 2011 च्या 'ले पती' या कादंबरीत त्यांनी आपल्या जोडीदाराच्या पूर्वीच्या सहचारिणीचं आणि तिच्या मुलांचं घरगुती आयुष्य वापरलं. नाव बदललं होतं, बाकी फारसं काही नाही. ती स्त्री कोर्टात गेली. 2013 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने लेखिका आणि प्रकाशक फ्लामारियाँ यांना 40,000 युरो भरपाई द्यायला लावली. फ्रान्सच्या नागरी संहितेचं नववं कलम खाजगी आयुष्याच्या आदराचा हक्क प्रत्येकाला देतं, आणि पुस्तकाला कादंबरी म्हटल्याने तो हक्क संपत नाही, हा निकालाचा सरळ अर्थ. स्वतःवर झालेला अन्याय सांगणं आणि तिऱ्हाईत बाईचं घर उघडं करणं यात मला मोठा फरक वाटतो. इथे मी न्यायालयाच्या बाजूचा आहे. गंमत म्हणजे हा पेच आंगोंना ठाऊक होता: प्रकाशकाच्या वकिलाने हस्तलिखितावर घेतलेले आक्षेप त्यांनी 'लँसेस्त'च्या मजकुरातच घातले आहेत.

आता टीव्ही. फ्रान्स 2 वर शनिवारी रात्री 'ऑं ने पा कुशे' हा कार्यक्रम असे. त्याचे सूत्रसंचालक लोराँ रुक्येर. त्यांच्या शेजारी दोन जण बसत, आलेल्या पाहुण्यांची पुस्तकं, सिनेमे, राजकीय भूमिका तपासत आणि तोंडावर मत देत. अशा व्यक्तीला फ्रेंचमध्ये 'क्रोनिकर' म्हणतात. आंगो 2017 ते 2019 या काळात त्या खुर्चीत होत्या. म्हणजे त्या सूत्रसंचालिका नव्हत्या, निवेदिकाही नव्हत्या. 'कार्यक्रमातल्या समीक्षक' किंवा 'भाष्यकार' लिहा, आपल्या वाचकाला बरोबर कळेल.

तिथला सर्वांत गाजलेला वाद सप्टेंबर 2017 चा. पर्यावरणवादी पक्षाच्या माजी नेत्या सांद्रीन रूसो पक्षातल्या एका सहकाऱ्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप केल्यानंतरचे अनुभव सांगायला आल्या होत्या. पीडितांचं बोलणं ऐकून घेण्यासाठी माणसं प्रशिक्षित केली होती, असं त्या म्हणाल्या आणि आंगो भडकल्या. ऐकून घ्यायला माणसं तयार करता येत नाहीत, ज्याचं त्याने निभवायचं असतं, असा त्यांचा सूर होता. रूसो रडू लागल्या. प्रेक्षकांच्या तक्रारी थेट प्रसारण नियामकाकडे गेल्या. एका पीडितेने दुसरीला असं झिडकारलेलं बघणं क्लेशकारक होतं, आणि रूसोंना तिथे आधार मिळायला हवा होता. पण वर जे साक्षीबद्दल लिहिलं त्याच्याशी हा राग जुळतो हेही खरं. आपलं बोलणं कुणीतरी ठरलेल्या रकान्यात भरून घ्यावं, याच कल्पनेशी आंगो लेखनातून भांडत आल्या आहेत.

जून 2019 चं प्रकरण वेगळं आणि त्याला असा काही आधार नाही. ज्यूंचा संहार आणि गुलामगिरी यांची तुलना करताना, गुलामांना धडधाकट ठेवणं हाच तिथे हेतू होता कारण त्यांना विकायचं होतं, असं त्या बोलून गेल्या. जहाजांवर आणि मळ्यांवर मेलेल्या माणसांचा त्यात विचारच नव्हता. संताप उसळला, नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली.

तुम्ही विचारलेलं नाही, पण लेख लिहिताना लागेल असा आणखी एक शब्द. 'लँसेस्त' (इंग्रजीत 'इन्सेस्ट') या नावासाठी कोशात पाहिलंत तर 'अगम्यागमन' सापडेल. कृपया तो वापरू नका. जिच्याकडे जाऊ नये अशा स्त्रीकडे जाणं, असा तो समास. त्यात जाणारा पुरुष दिसतो, निषिद्ध ठरवलेली स्त्री दिसते, पण अत्याचार झालेलं मूल दिसत नाही. 'निषिद्ध संबंध' तर त्याहून वाईट, कारण 'संबंध' म्हटलं की दोघांची संमती गृहीत धरल्यासारखं होतं. 'कुटुंबातला लैंगिक अत्याचार' हे लांबलचक असलं तरी प्रामाणिक आहे. फ्रान्सच्या फौजदारी कायद्यातही हा मूळ फ्रेंच शब्द स्वतंत्रपणे परत आला तो 2016 मध्ये, 'लँसेस्त'नंतर सतरा वर्षांनी.

तर मूळ प्रश्नाकडे. त्या लेखनप्रकाराबद्दल सर्वसाधारणपणे लिहायचं असेल तर 'आत्मकादंबरी' हा शब्द मला पटतो. 'आत्मचरित्र' आणि 'आत्मकथन' यांच्या रांगेत तो सहज बसतो, आणि 'कादंबरी' हे नाम शेवटी येत असल्याने करार कुठला आहे तेही सांगतो. पहिल्या वापरात 'लेखक आणि नायक एकाच नावाचे असलेली कादंबरी' एवढं जोडा. आंगोंच्या स्वतःच्या पुस्तकांना मात्र मी नुसतं 'कादंबरी' म्हणेन, कारण लेखिकेने दिलेलं नाव तेच आहे.

तुमचं पहिलं वाक्य असं करता येईल: "क्रिस्तीन आंगो या फ्रेंच कादंबरीकार, गाँकूर साहित्य पुरस्कार देणाऱ्या गाँकूर अकादमीच्या 2023 पासून सदस्य आहेत, दोन वर्षं फ्रान्स 2 वरच्या एका गाजलेल्या कार्यक्रमात भाष्यकार होत्या, आणि त्यांच्या कादंबऱ्यांतली 'मी' बहुधा त्यांच्याच नावाची असते." 2024 मध्ये बर्लिन महोत्सवात दाखवलेला त्यांचा 'युन फामी' हा चित्रपट याच कुटुंबाबद्दल आहे, पण त्याला कादंबरीच्या यादीत घालू नका. तो माहितीपट आहे.